सुलास्त्रीबाईंचा अंगठा

इंडोनेशियातल्या पेकालोंगान शहरातल्या मॉलमध्ये नव्या महागड्या फोनसाठी रांग लागली होती. कंपनीचा फॉर्म घेऊन मी प्रत्येकाला विचारत होते, "यात काय सुधारायला हवं?" कुणी कॅमेरा म्हणे, कुणी बॅटरी. मेण लावून कापड रंगवणाऱ्या बाटिक कारखान्याच्या मालकीण इबू, म्हणजे बाई, सुलास्त्रींनी अंगठाच पुढे केला. तीस वर्षं गरम मेणात काम करून त्यावरच्या रेषा झिजून तो गुळगुळीत झाला होता.

"फोन मला ओळखतच नाही गं! दिवसातून पन्नासदा आकडे दाबायचे."

"मग चेहरा दाखवा ना, इबू."

"मेणाच्या धुरामुळे तोंड बांधलेलं असतं."

फॉर्मवर त्यासाठी रकानाच नव्हता. मी 'इतर'वर खूण केली.

"मी इतर होय? नीट लिही!"

मी समासात सगळं लिहिलं, पण माझ्या साहेबांनी कंपनीला पाठवलेल्या यादीत ते आलंच नाही. चिडून मी थेट कंपनीला कळवलं. आठवडा झाला, उत्तर नाही. त्या उत्तराची वाट पाहण्यात माझं कशातच लक्ष लागत नाही.