चंपाबाईच्या मुंगवड्या आणि मी

मी बोलतेय, मेडशीतल्या चंपाबाईच्या स्लॅबवरची सोलर प्लेट. पण आधीच सांगते, माझं सगळं लक्ष समोरच्या स्लॅबवर आहे. तिथे शेजारणीची, रीताची प्लेट राहते. आम्ही दोघी मालेगावहून एकाच गाडीतून आलो, तरी तिचं नाव निघालं की माझा जळफळाट होतो.

सुरुवातीला मी लाडाची होते. गावची लाइन गेली तरी सून पल्लवीचं शिलाई मशीन माझ्या जोरावर चालायचं. "माह्या घरी सोलर हाये," असं ती गिऱ्हाइकांना सांगायची आणि मी फुगायचे.

मग उन्हाळा लागला. चंपाबाईने माझ्या तापलेल्या, गुळगुळीत काचेवर हात ठेवला आणि ती खूश झाली. जुनं लुगडं अंथरून तिने माझ्यावर मुगाच्या डाळीच्या मुंगवड्या वाळत घातल्या. सकाळी घालायची, संध्याकाळी उचलायची. दिवसभर मी लुगड्याखाली आंधळी! बॅटरी भरेना, मशीन अडखळू लागलं.

शेवटी पल्लवी मशीन उचलून रीताकडे शिवायला जाऊ लागली. माझी पल्लवी, त्या सटवीच्या विजेवर! वर रीता आपल्या प्लेटला रोज पुसायची. मला दाखवूनच पुसते, असं वाटायचं.

एके दिवशी पल्लवी म्हणाली, "आत्याबाई, आपली प्लेट खराब निंगाली. काढून टाकू अन् दुसरी आणू."

माझ्या जागेवर दुसरी! माझ्या अंगाची लाहीलाही झाली.

मेकॅनिक लखीराम भर दुपारी पाना घेऊन वर आला. त्याने लुगड्याचं टोक उचललं आणि तो मटकन बसून हसायलाच लागला. "बाई, हिच्यावर वड्या कायले वाळवून राह्यल्या? ऊनच लागलं नाही तं हे लाइट कुठून देईन?"

"चांगली तापते म्हून घातल्या," चंपाबाई ओशाळून म्हणाली. "मले काय मालूम?"

"अन् मी रोज लोकायच्या घरी मशीन वाहून राह्यली!" पल्लवीने कपाळावर हात मारला.

लुगडं निघालं. पल्लवी मशीनसकट घरी आली. समोरची चकाकते, तर चकाको बापडी.

पण माझ्या जिवाला स्वस्थता नाही. चंपाबाईने मुंगवड्या आता पलीकडच्या बाजेवर घातल्यात. तिथेच बसते, पाखरं हाकलते, त्या मेल्या बाजेशी बोलते. मला हातसुद्धा लावत नाही, बिघडेन म्हणून भिते.

चंपाबाई, डोक्यावर पदर घेऊन तिथे उन्हात कशाला बसतेस? माझ्या स्टँडखाली चांगली सावली आहे. ती बाज देते का तुला सावली? ये ना इकडे.