जोडीतली रिकामी जागा

"एक जागा रिकामी म्हणजे? तुम्ही तर दोन डिस्कची जोडी म्हणाला होतात ना, वहिनी?"

कानाच्या डॉक्टरीणबाई स्टुलावरून वाकून टेबलाखालच्या उघड्या कॉम्प्युटरकडे बघत होत्या. खाली मांडी घालून बसलेल्या वहिनींनी आधी ओठांत धरलेला स्क्रू काढून तळहातावर घेतला. एकदा बोलता बोलता असाच एक स्क्रू गिळता गिळता राहिला होता, तेव्हापासूनची ही शिस्त.

"जोडीच करायची. पण तुमचं सगळं जुन्या डिस्कवर आहे, तिला आत्ता धक्का लावायचा नाही. म्हणून नव्या डिस्कवर अर्धी जोडी मांडायची. मशीनला सांगायचं, हे घर दोघींचं, एक आलीय, दुसरी यायचीय. मग जुन्या घरातलं सामान सिस्टिमसकट उचलून इकडे आणायचं. नव्या घरातून कारभार नीट चालतोय असं दिसलं, की मग जुनीला बोलवायचं. ती आत आली की तिची पाटी कोरी होते आणि नवीवरचं सगळं तिच्यावर जसंच्या तसं उतरतं."

"कोरी होते?"

"होते. म्हणून ते काम सगळ्यात शेवटी, दहादा बघून."

"आणि सिस्टिम नव्यानं टाकायची नाही हं. तेवढं सांभाळा."

"नाही टाकत. त्यासाठीच तर हा द्राविडी प्राणायाम."

सिस्टिम नव्याने टाकली असती तर वहिनी दुपारच्या जेवणाला घरी पोचल्या असत्या. पण ऐकू येण्याची तपासणी ज्या प्रोग्रॅमवर चालायची, तो बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. सिस्टिम पुसली की तो प्रोग्रॅम गेला, आणि त्याच्याबरोबर पंधरा वर्षांतल्या मुलांचे आलेखही गेले. दुसऱ्या वर्षी कुणाला किती ऐकू येत होतं, पाचव्या वर्षी किती, यंत्र लावल्यावर किती, हे सगळं त्या एका डिस्कवर होतं. गेल्या महिन्यात शेजारच्या दातांच्या डॉक्टरांची डिस्क अचानक बंद पडली, तेव्हापासून डॉक्टरीणबाईंना धड झोप नव्हती. एक डिस्क गेली तरी दुसरीवर सगळं राहावं म्हणून ही जोडी. आज दवाखान्याला सुट्टी होती, म्हणून हे काम आज काढलं होतं.

त्यांच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात काउंटरवर भाऊ बसत, आणि भाऊंची बायको म्हणून सगळ्या गिऱ्हाइकांच्या त्या वहिनी. बावीस वर्षं हीच वाटणी होती. बोलायचं काम भाऊंचं, टेबलाखाली शिरायचं काम वहिनींचं. भाऊ म्हणत, "आमच्याकडे मी तोंड आहे, ही हात आहे. डोकं कुणाचं ते विचारू नका." गिऱ्हाईक हसायचं. वहिनीही हसायच्या.

वहिनींची एक वही होती. बसवलेल्या आणि काढलेल्या प्रत्येक डिस्कचा नंबर, तारीख, आणि डिस्क खराब निघाली की समोर लाल फुली. फुली पडलेल्या डिस्कच्या पोटात ड्रिलने आरपार भोक पाडायचं, हा दुकानाचा पहिल्या दिवसापासूनचा नेम होता. आत लोकांची माहिती असते, आणि नासलेली वस्तू चुकूनसुद्धा पुन्हा कुणाच्या मशीनमध्ये जाऊ नये, हे त्यामागचं कारण. तीन वर्षांपूर्वी वहिनींचं मनगट दुखून आखडलं, तेव्हा भाऊंनी त्यांच्या हातातलं ड्रिल काढून घेतलं होतं. "हे दणके तू खाऊ नकोस. माझ्याकडे देत जा, मी पाडत जाईन." त्या रात्री वहिनी दिव्यासमोर हात जोडून जरा जास्त वेळ बसल्या होत्या. असा समजूतदार नवरा सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

दुपारी बाराच्या सुमाराला मशीन नव्या डिस्कवरून सुरू झालं. डॉक्टरीणबाईंनी एका मुलीचा आलेख उघडला. रेघ वर चढत गेलेली दिसली.

"आली. वहिनी, तुमच्या हाताला यश आहे हो."

"अजून जुनीला आत घ्यायचंय. ते झालं की बोला."

डॉक्टरीणबाई पलीकडच्या खोलीत कागद लावायला गेल्या. वहिनींनी वही काढली. एरवी त्या डिस्क हातात घेऊन लेबलावरूनच नंबर उतरवून घ्यायच्या. आज भाऊंनी डिस्क मशीनमध्ये सरकवायच्या ट्रेमध्ये स्क्रू पिळून तयारच दिली होती, "तेवढाच तुझ्या मनगटाला आराम" म्हणून, आणि लेबल खालच्या बाजूला गेलं होतं. ट्रे परत कोण काढणार? डिस्कचा नंबर लेबलावर असतो तसा तिच्या पोटातही असतो. मशीनला विचारलं की ते दाखवतं. वहिनींनी विचारलं, आणि पडद्यावर बघून एकेक अक्षर लिहू लागल्या.

शेवटच्या चार आकड्यांशी हात थांबला. डोळ्यांच्या आधी हातालाच ओळख पटली. हा नंबर आपण लिहिलाय. याच पेनाने, याच वहीत.

पानं मागे उलटली. आठ महिन्यांपूर्वीचं पान, वाचनालयाचं मशीन. नंबर तोच. पुढे त्यांच्याच अक्षरात, 'जागा खराब होत चालल्या. कधीही जाईल. काढली.' आणि लाल फुली.

वहिनींनी मशीनला आणखी एक गोष्ट विचारली. नव्या डिस्कचं वय. एकतीस हजार तास चाललेली.

पडद्यावर पुढची ओळ टाइप करून तयार होती, जुन्या डिस्कला आत घेणारी. फक्त एन्टर दाबायचं होतं. दाबलं असतं तर जुनी कोरी झाली असती, आणि पंधरा वर्षांतल्या मुलांचं सगळं या मरायला टेकलेल्या डिस्कच्या तोंडून उतरत राहिलं असतं, ती मध्येच गप्प होईपर्यंत. वहिनींनी एकेक अक्षर करून ती ओळ पुसली.

एवढ्यात भाऊ डबा घेऊन आले. दारातूनच म्हणाले, "काय बाई, आमच्या मंडळींनी तुमचं मशीन बहिरं नाही ना केलं?"

डॉक्टरीणबाई पलीकडच्या खोलीतून हसल्या. "उलट. झालंच म्हणे."

"अहो, जरा इकडे या," वहिनी म्हणाल्या, आणि तपासणीच्या खोलीचं जाड दार उघडून आत गेल्या.

ती खोली कपाटापेक्षा थोडी मोठी. भिंतींना करडा स्पंज, एक छोटी खुर्ची, खिळ्याला हेडफोन. मुलं इथे बसायची आणि आवाज आला की हात वर करायची. दार लागलं की बाहेरचं जग बंद, स्वतःचा श्वास तेवढा ऐकू यायचा.

"दार कशाला लावतेस? बाईंना काय वाटेल?"

वहिनींनी वहीची दोन पानं बोट घालून धरली आणि त्यांच्यापुढे केली. आधी आजचं, मग आठ महिन्यांपूर्वीचं.

"ही डिस्क कुठली, सांगा."

"कुठली म्हणजे? नवी. मीच नाही का ट्रेमध्ये बसवून दिली?"

"नवीच्या पोटात एकतीस हजार तास कुठून आले?"

भाऊंनी डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "तुझं आपलं काहीतरी. दोन डाग दिसले की मारलीस फुली. सगळ्याच काही टाकून द्यायच्या नसतात गं. मी पुसतो, वर नवं लेबल लावतो, चार दिवस चालवून बघतो, मगच देतो."

"म्हणजे ही एकच नाही."

भाऊ खिळ्यावरच्या हेडफोनची वायर सरळ करू लागले.

"किती?"

"मी काय लिहून ठेवतो होय?"

"मी ठेवते," वहिनी म्हणाल्या. "तीन वर्षांत एकोणीस फुल्या आहेत. त्यातल्या किती डिस्कना भोकं पडली?"

"हे बघ, एकाच डिस्कच्या मशीनला मी कधी घातली नाही. देवाशपथ. जोडी असेल तिथेच घालतो. तूच सांगतेस ना सगळ्यांना, एकीनं मान टाकली तरी दुसरी सांभाळून घेते म्हणून? मग त्यातली एक जरा कच्ची असली, तर कुणाचं काय बिघडलं? आजवर एकाची तरी तक्रार आली?"

वाक्य वहिनींचंच होतं. गिऱ्हाइकाला धीर द्यायला बावीस वर्षं वापरलेलं. ते असं चोराच्या वाटेवरचा कंदील झालेलं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

"सांभाळणारी दुसरी कुठे राहिली असती?" त्या म्हणाल्या. "तिलाच मी आत्ता कोरी करणार होते. एका बटणाचं अंतर होतं."

"पण केली नाहीस ना."

"मी लोकांना सांगते, आता निवांत झोपा. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून झोपतात ती माणसं."

भाऊ भिंतीच्या स्पंजात नख रुतवत राहिले. वहिनींनी जे विचारायचं होतं ते शेवटी विचारलं.

"माझ्या हातातून ड्रिल घेतलंत, तेव्हाच हे ठरलं होतं?"

"नाही," भाऊ लगेच म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांनी वर बघितलं. "तेव्हा खरंच तुझं मनगट बघवत नव्हतं. आईशपथ."

"मग?"

"पाच-सहा महिन्यांनी. चार-पाच डिस्क साठल्या होत्या. वाटलं, एवढ्या चालणाऱ्या वस्तू..."

वहिनींचा त्यावर विश्वास बसला. खोटं बोलले असते तर रागावणं सोपं गेलं असतं. माया खरी होती, आणि नंतर तिच्याच आडोशाला हे सगळं वाढलं होतं. तीन वर्षं, फुली पडली की संध्याकाळी त्या विचारायच्या, "पाडलीत का भोकं?" आणि भाऊ म्हणायचे, "पाडली गं, तू हात शेकून घे."

"बाहेर मी बोलतो," भाऊ म्हणाले. "बाईंना सांगू, पार्ट नीट बसत नाही, उद्या दुसरी आणतो. उद्या खरीखुरी नवी आणतो. कुणाला कळायचं कारण नाही."

वहिनींनी दार ढकललं.

डॉक्टरीणबाई हात पुसत उभ्या होत्या. "काय, नवरा-बायकोची खलबतं झाली का?"

"थोडंसं पार्टचं आहे बाई, उद्या..." भाऊंनी सुरुवात केली.

"बाई," वहिनी म्हणाल्या, आवाज नेहमीचाच, मऊ. "आज तुम्हाला दिलेली डिस्क नवी नाही. दुसरीकडून मीच खराब म्हणून काढलेली आहे. आमच्या दुकानातून तुमची फसवणूक झाली. तुमची जुनी शाबूत आहे, तिला मी हात लावलेला नाही. तिच्यावरूनच मशीन पुन्हा चालू करून देते."

डॉक्टरीणबाईंनी आधी वहिनींकडे पाहिलं, मग भाऊंकडे. भाऊंची नजर डब्याच्या झाकणावर होती.

"बरं," त्या म्हणाल्या. पडद्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मुलांचे आलेख आहेत हो, वहिनी."

"हो."

वहिनींनी खाली बसून डिस्क काढली. मशीन जुनीवरून सुरू केलं. तीच मुलगी, तीच रेघ. डॉक्टरीणबाईंनी या वेळी एक सोडून दहा आलेख उघडून पाहिले, आणि वहिनी तितका वेळ उभ्या राहिल्या. डबा तसाच परत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवाचं आटोपून वहिनींनी वहीतून एक यादी वेगळ्या कागदावर उतरवली. तीन वर्षांत बांधलेल्या जोड्या. भाऊ चहाचा कप धरून दारात उभे होते.

"नाव जाईल आपलं," ते म्हणाले. "बावीस वर्षांचं."

वहिनींनी पिशवी खांद्याला लावली.

यादीत पहिली शाळा होती. शाळेचा कारकून वहिनींना बघून खुशीत आला. "वहिनी, आज न बोलावता? मशीन तर अगदी मजेत चाललंय."

"चाललंय. तरी उघडून बघायचंय. दोन वर्षांपूर्वी यात बसवलेली डिस्क कदाचित नवी नसेल. आमच्याकडून खराब माल गेलाय लोकांना."

"चेष्टा करताय."

वहिनींनी यादी उघडून त्याच्यापुढे धरली, तेव्हा कारकुनाचं हसू हळूहळू मावळलं.

दर वेळी तो ऑफिसची किल्ली वहिनींच्या हातात देऊन जायचा. 'तुमचं चालू द्या, मी जेवून येतो, कपाटं उघडीच आहेत,' म्हणायचा. आज त्याने कपाटाला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली, आणि खुर्ची ओढून टेबलाशेजारी, वहिनींचे हात दिसतील असा बसला.

वहिनी टेबलाखाली शिरल्या. पहिला स्क्रू काढून त्यांनी तो त्याला दिसेल असा जमिनीवर ठेवला, मग दुसरा त्याच्या शेजारी.