नावेतलं बोलणं

पडद्यावर ईवारने नायिकेला जवळ ओढलं, तिच्या ओठांवर झुकला, कोपऱ्यातला पियानो गहिवरून आला, आणि नेमकी त्याच वेळी गेर्दा खो खो हसत सुटली.

"श्शू!" मागून पोस्टमास्तरांची बायको फिसकारली. पण गेर्दाला ते ऐकू यायचं कसं? नवव्या वर्षी तापात तिचे कान गेले ते गेलेच. शेजारी बसलेल्या टोराने दंडाला चिमटा काढला, तेव्हा कुठे ती थांबली.

रीळ संपलं, दिवे लागले. यंत्र एकच, त्यामुळे पुढचं रीळ चढेपर्यंत सगळं गाव गप्पा मारायला मोकळं. जो तो वळून टोराकडे बघत होता. बघणारच! सिनेमा आपल्याच सरोवरावर काढलेला आणि नायक म्हणजे टोराचा नवरा. टोरा सगळ्यांना हसून मान डोलावत होती. मग तिने नणंदेकडे तोंड वळवलं आणि ओठ सावकाश हलवत विचारलं,

"एवढं हसायला काय झालं गं? काय म्हणाला तो?"

गेर्दाला सगळं बोलणं ओठांवरून कळायचं. मूकपट तिच्यापुरता मूक नव्हताच. पाटीवर 'तुझ्यावाचून मला जग नाही' असं झळकायचं आणि नट तोंडाने भलतंच बडबडत असायचे, ते फक्त तिलाच समजायचं.

"म्हणाला, 'आज पुन्हा खारा मासा खाल्लास? जीव घेतेस की काय माझा!'" गेर्दाने सांगितलं. आपला आवाज किती मोठा लागतो याचा तिला पत्ता नसायचा. पुढच्या दोन रांगा हसल्या.

टोराला हसू आलं नाही. खरंच हेच म्हणाला असेल तो? गेर्दा ईवारची सख्खी बहीण. ती भावाला पाठीशी घालणार नाही तर कोण घालणार? आणि तिलाही स्टॉकहोमला जायची केवढी घाई! घर विकलं की आपण तिघं तिकडेच राहू, असं ईवारने सांगितल्यापासून तिचे पाय जमिनीला लागत नव्हते.

घर टोराच्या वडिलांचं, सरोवराच्या काठावरचं. सही टोराचीच लागणार होती. उद्या सकाळच्या गाडीने ईवार गिऱ्हाईक घेऊन येणार होता, आणि टोराच्या मनात वर्षभर पाल चुकचुकत होती. जन्मभर साखरेचा खडा दातांत धरून कॉफी पिणारा माणूस हल्ली बिनसाखरेची प्यायला लागला होता. फ्रोकेन रोसेनलिंड, ती नायिका, तशीच प्यायची. टोराला हे पक्कं ठाऊक होतं, कारण चित्रण चाललं होतं तेव्हा त्या सगळ्यांना कॉफी तिनेच तर पाजली होती.

"आता नावेचा प्रसंग येईल," ती गेर्दाला म्हणाली. "त्यात जे जे बोलतील ते सांग मला. गंमत म्हणून."

गंमत कसली! तो प्रसंग टोराच्या डोळ्यांदेखत झाला होता. सिनेमातल्या मोलकरणीच्या कामाला बाई मिळेना, म्हणून टोरालाच शाल पांघरून धक्क्यावर उभं केलं होतं. नाव सुटताना ईवार काय बोलला ते तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. गेर्दा खरं सांगते की थापा मारते, ते आता कळणार होतं.

दिवे विझले. पडद्यावर सरोवर आलं. नावेत दोघंच, कॅमेरा पुढच्या होडीत, तीच दोराने नाव ओढत होती.

"'घट्ट धर, गार पाणी आहे,'" गेर्दा कानाशी म्हणाली. पियानोच्या दणदणाटात ते मागच्यांना ऐकू जाणं शक्य नव्हतं.

अगदी हेच शब्द. टोराचा जीव भांड्यात पडला. म्हणजे मासाही खराच! उगीच बिचाऱ्यावर संशय घेतला आपण. उद्या सही करून मोकळं व्हायचं.

नाव पुढे सरकली. धक्का मागे राहिला, त्यावर शालीतली टोरा एवढीशी दिसायला लागली. गेर्दा रंगात येऊन सांगतच होती.

"'ती बघतेय. हात हलव तिला.'"

फ्रोकेन रोसेनलिंडने वळून हात हलवला. धक्क्यावरच्या टोराने दोन्ही हात उंच करून हलवले. एवढ्या मोठ्या नटीने आपल्याला हात केला, म्हणून नंतर आठवडाभर ती गावात सांगत फिरली होती.

"'भोळी आहे. घर एकदा विकू दे तिला, मग मी आणि तू...'"

गेर्दाचा आवाज तुटला.

"मग काय?" टोराने तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. "मग काय, गेर्दा?"

"दिसलं नाही. तोंड फिरवलं त्याने."

टोराने पडद्याकडे पाहिलं. ईवारचा चेहरा समोरच होता, पडदाभर, उन्हात उजळलेला. ओठ अजून हलत होते. मग पाटी आली: 'या सरोवराला किनाराच नसावा, प्रिये.'

"किती गोड बोलतो गं तुझा नवरा!" पोस्टमास्तरांच्या बायकोने मागून नाक पुसलं.

गेर्दा आपल्या मांडीकडे बघत बसली होती. टोराने तिचे दोन्ही हात धरले, ती वर बघेपर्यंत थांबली, आणि घशातून आवाज न काढता, नुसत्या ओठांनी म्हणाली,

"उद्या गिऱ्हाईक आलं की दारातूनच परत पाठवायचंय. ईवारलाही. तू माझ्याजवळच राहशील ना, आपल्या घरात?"

"हो," गेर्दा म्हणाली, आणि या खेपेला तिचा आवाज कुणालाच ऐकू गेला नाही.