लेवानला नेट पाहिजे

आण्णा वस्तादांचा एकच नियम होता. तालमीचा उंबरा ओलांडणाऱ्यावर आधी संशय घ्यायचा, विश्वासाचं नंतर बघू. कागलचं मैदान जवळ आलं की हा नियम आणखी कडक व्हायचा. सलग तीन वर्षं पलीकडच्या पेठेतल्या नागाप्पा वस्तादाच्या पोरांनी त्यांच्या पैलवानांना आस्मान दाखवलं होतं. यंदा विजयसिंहाची जोड नागाप्पाच्या राजवीरशी लागली होती आणि त्यासाठी आण्णांनी एक डाव राखून ठेवला होता. ढाकेच्या डावाची नुसती हूल द्यायची, राजवीर सावध झाला की खाली बसून एकेरी पट काढायचा, म्हणजे त्याचा एकच पाय ओढून पाडायचं. हे गुपित तिघांनाच ठाऊक होतं. एक आण्णा, दुसरा विजयसिंह आणि तिसरा, ज्याच्या अंगावर या डावाचा सराव चालायचा तो लेवान.

लेवान जॉर्जियाचा. मातीतली कुस्ती शिकायला आलेला आणि गेल्याच आठवड्यात तालमीत उतरलेला. अंगानं दणकट, स्वभावानं गरीब. पण आल्या दिवसापासून तोंडी एकच शब्द, नेट. त्याचं तिकडचं सिम इथं मुकं झालं होतं. मोबाईलमध्ये बोललं की हिंदीत सांगणारं ॲप होतं, तेही नेटवाचून गप्प. तालमीत वायफाय नाही. मैदान होईपर्यंत बाकी सगळ्या पोरांचे फोन आण्णांच्या ट्रंकेत कुलूपबंद आणि आण्णांचा स्वतःचा फोन बटणांचा.

शेवटी आण्णा त्याला सिमच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदारानं पासपोर्ट पाहिला, व्हिसा पाहिला.

"कागदं बरोबर हायती. पण परदेशी माणसाला हितल्या वळखीच्या माणसाचा नंबर लागतोय. ओटीपी त्येच्यावर येणार. तुमचा टाकू?"

आण्णा थबकले. "एवढी काय घाई हाय रं तुला नेटची?"

लेवाननं छातीवर हात ठेवला. "पप्पा. हॉस्पिटल. ऑपरेशन."

बाप आजारी! आण्णांना मनातल्या मनात हसू आलं. तालमीतल्या पोरांना सिनेमाला पळायचं असलं की त्यांचे बाप हटकून आजारी पडायचे. एका बहाद्दराचा बाप तर वर्षात दोनदा वारला होता. आता हे गुपित ठाऊक असलेला तिसरा माणूस, मैदान तोंडावर आलेलं आणि याला नेमकं आत्ताच नेट हवं? आण्णांना दाल में कुछ काला दिसायला एवढं पुरेसं होतं.

"ओटीपी कुणालाबी सांगायचा न्हाई म्हणून ब्यांकंनं बजावलंय," असं दुकानदाराला सुनावून त्यांनी लेवानला माघारी आणलं.

त्याच दिवशी संध्याकाळी लेवान गुपचूप बाहेर पडला. आण्णाही चपला हातात घेऊन मागे निघाले. लेवान गल्लीबोळ ओलांडत थेट नागाप्पाच्या तालमीच्या भिंतीशी जाऊन थांबला. आतून राजवीर आला, हसला, लेवानचा मोबाईल घेऊन त्यात काहीतरी टाईप केलं आणि परत आत गेला. आण्णांच्या अंगाची लाही लाही झाली. कुंपणानंच शेत खाल्लं! ते तरातरा पुढे गेले आणि त्यांनी लेवानचं मनगट धरलं.

"काय इकतोयस रं? बघू!"

पडद्यावर एक म्हातारा होता. हॉस्पिटलचा हिरवा झगा, नाकात नळी, पाठीमागे स्ट्रेचर घेऊन उभी असलेली माणसं. पण आण्णांचं लक्ष गेलं ते म्हाताऱ्याच्या कानांवर. कान मोडून पार गोळा झालेले. असे कान आयुष्य आखाड्यात घालवल्याशिवाय होत नाहीत. लेवान घाईघाईनं "वस्ताद, वस्ताद" म्हणत आण्णांकडे बोट दाखवू लागला. म्हाताऱ्यानं हात उचलला, तोंड उघडलं.

तेवढ्यात नागाप्पा बाहेर आला. आपल्या भिंतीशी आण्णा आणि हातात वर धरलेला मोबाईल, एवढंच त्याला दिसलं.

"राजवीरचं शूटिंग काढतोस व्हय?" मग तो आत वळून ओरडला, "वायफायची पिन काढ रं!"

पडद्यावरचा म्हातारा हात उचललेल्या अवस्थेत थिजला.

लेवाननं फोन हलवला, उंच धरला, मग भिंतीवर कपाळ टेकलं. एवढा धिप्पाड गडी हुंदके द्यायला लागला, तेव्हा आण्णांना स्वतःची लाज वाटली. सकाळी ओटीपीचे चार आकडे सांगितले असते तर लेवानवर राजवीरकडे वायफाय मागायची वेळ आली नसती.

"नागाप्पा, ह्येचा बाप ऑपरेशनला चाललाय. नेट चालू कर."

"यप्पा! तू आन् माझ्या दारात रडगाणं?" नागाप्पा जागचा हलला नाही. "मी तुला आज वळखतोय व्हय? खरं बोलतुयास तर सांग, विजयसिंह कंचा डाव मारणार हाय?"

 आण्णांना तीन वर्षांचे पराभव आठवले. पण तिकडे लेवानच्या बापाला स्ट्रेचरवर घेत असतील.

"ढाकेची हूल," ते म्हणाले, "मग खाली बसून एकेरी पट. उजव्या पायाचा. आता घाल पिन."

 नागाप्पा स्वतः आत गेला आणि त्यानं पिन लावली.

फोन लागला. स्ट्रेचर चालू लागलं होतं, तरी म्हाताऱ्यानं मान वळवून काहीतरी विचारलं, लेवान रडत-हसत उत्तर देत राहिला. ऑपरेशन थिएटरचं दार बंद झालं तसा फोन कटला. मागे उभ्या नागाप्पानं ते सगळं पाहिलं होतं. त्यानं घसा साफ केला.

"आण्णा, मी काय ऐकलंच न्हाई बरं का."

वाटभर आण्णा ते वाक्य उलटंपालटं करत होते. नागाप्पा आणि ऐकलं नाही? त्याचे कान भिंतीपलीकडचं ऐकतात. का बोलला असेल? गाफील ठेवायला?

दुसऱ्या दिवशी सकाळी सिमचं दुकान उघडताच आण्णांनी ओटीपी मोठ्यांदा वाचून दाखवला. दुपारी नवं सिम सुरू झालं आणि पहिला निरोप आला तो बाप शुद्धीवर आल्याचा. संध्याकाळी विजयसिंह लंगोट कसून उभा राहिला. "वस्ताद, आजबी पटाचाच सराव करायचा का?"

पट सोड, दुसरा डाव धर, हे शब्द आण्णांच्या जिभेवर आले होते. समोर लेवान अंगाला माती लावून, पाय पुढे ठेवून हसत उभा होता.

"पटच," आण्णा म्हणाले.

म्हणाले खरे, पण कागलचं मैदान होईपर्यंत त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नाही.