अर्धवट सुकलेलं दार

रंगारीबुवांना सहलीला न्यायचं ठरलं ते नाइलाजाने. चर्चची तरुण मुलं दरवर्षी आठवडाभर परगावी जात आणि एखाद्या एकट्या माणसाच्या घराची डागडुजी करून देत. पाळकसाहेबांचा दंडक असा की मुलांबरोबर दोन मोठी माणसं हवीत, नाहीतर सहल रद्द. शाळेतल्या एक बाई तयार होत्या. दुसरं कुणी मिळेना, तेव्हा रंगारीबुवांच्या मुलीने नाखुशीनेच बापाचं नाव सुचवलं.

नाखुशीला कारण होतं. लहानपणी ती ब्रश घेऊन बापामागे हिंडायची. तिने भिंतीचा कोपरा रंगवावा, बापाने "छान हं" म्हणावं आणि तिची पाठ वळताच त्यावरून स्वतःचा सफाईदार हात मारावा. गिऱ्हाइकाचं काम, बापाचं तरी काय चुकलं? पण पोर काही आंधळी नव्हती. एक दिवस तिने ब्रश खाली ठेवला तो ठेवलाच. पुढे अभ्यास असो की स्वयंपाक, बापाला ती काही दाखवेनाशी झाली. आई गेलेली, घरात माणसं दोनच, आणि बोलणं म्हणजे "वाढू का", "दिवा मालवू का", एवढंच. या सहलीत पोरगी पुन्हा जवळ येईल अशी त्यांना वेडी आशा होती.

निघताना तिने बजावलं, "बाबा, तिथे काम आम्ही मुलं करतो. मोठ्यांनी ब्रशला हात लावायचा नाही, तो नियमच आहे. तुम्ही माझ्या कामावरून हात फिरवलात, तर मी पुन्हा तुम्हाला कधी काही विचारणार नाही."

"नाही फिरवणार," ते म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले.

घर एका निवृत्त नर्सबाईंचं होतं. मुलीच्या वाट्याला पुढचं दार आलं. रंगारीबुवा पाण्याचा जग धरून उभे राहिले. मुलगी ब्रश जरा जास्तच भिजवत होती. दाराच्या मधोमध एक जाड ओघळ उतरला, तसे त्यांचे हात शिवशिवायला लागले. त्यांनी जग खाली ठेवला आणि दोन्ही हात खिशात कोंबले. शाळेच्या बाईंनी हळूच विचारलं, पोटात दुखतंय का. दुखत होतंच, पण त्यावर औषध नव्हतं.

दुपारी सगळे जेवायला मागच्या अंगणात गेले. रंगारीबुवा मागे रेंगाळले. ओघळ समोरच होता. एकच हात, कुणाला कळणार आहे? जित्याची खोड! त्यांनी ब्रश उचलला.

आता, ऑइलपेंट अर्धवट सुकून त्यावर साय धरली की त्याला बोटसुद्धा लावू नये, हे काल कामाला लागलेल्या पोरालाही ठाऊक असतं. रंगारीबुवांनी स्वतः यावरून कित्येकांना फैलावर घेतलेलं. पण बापाची खुमखुमी कारागिराच्या अकलेला भारी पडली. ब्रश फिरला आणि साय गोळा होऊन निघाली. ते सावरायला गेले तसा खरबरीत पट्टा कडीपर्यंत वाढत गेला. कुंपणावर एक मांजर बसलं होतं. त्याच्या नावावर खपवावं असंही क्षणभर मनात आलं.

मग ते ब्रश हातात तसाच धरून अंगणात गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "दार मी बिघडवलं."

मुलगी ताटावरून उठली. दारापाशी येऊन बराच वेळ बघत राहिली. रंगारीबुवांना वाटलं, संपलं, आता ही जन्मात आपल्याशी बोलणार नाही.

"तुमच्या हातूनसुद्धा बिघडतं?" तिने विचारलं.

"बिघडतं की. गिऱ्हाईक यायच्या आत दडपतो, म्हणून दिसत नाही."

ती हसली. मोठ्याने नाही, पण हसली. "मग हे आता कसं नीट करायचं?"

त्यांचा हात ब्रशसकट पुढे झाला. तिने तो ब्रश काढून घेतला. "तोंडाने सांगा, बाबा."

तोंडाने सांगायची त्यांना सवयच नव्हती. आजवर जीभ हलायच्या आधी हात पुढे जायचा. अडखळत, थांबत त्यांनी सांगितलं. आधी पूर्ण सुकू द्यायचं, घाई करायची नाही. मग पॉलिशपेपरने घासायचं, धूळ पुसायची, ब्रश डब्याच्या काठाला निथळून पातळ हात द्यायचा. ती विचारत गेली, ते सांगत गेले. दार सुकायला रात्र जाणार होती. संध्याकाळभर दोघं पायरीवर बसून राहिले, आणि रंगाचं बोलणं संपलं तरी तिचे प्रश्न संपले नाहीत. आईने तुमचं कुठलं काम पहिल्यांदा पाहिलं, हेही तिने विचारलं. रंगारीबुवांना इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दार झालं. कडीजवळ ब्रशच्या रेघा राहिल्या होत्या, आणि त्या फक्त त्यांनाच दिसत होत्या. नर्सबाईंनी दारावर हात फिरवून विचारलं, हे तुम्ही केलंत वाटतं? रंगारीबुवा म्हणाले, नाही, मुलीने. मी बिघडवायला होतो.

निघायच्या आदल्या संध्याकाळी सगळे उपकारस्तुतीच्या प्रार्थनेला गोल करून बसले. कुणी जेवणाबद्दल देवाचे आभार मानले, कुणी नर्सबाईंच्या मायेबद्दल. रंगारीबुवांनी चारचौघांत कधी प्रार्थना केली नव्हती. पाळी आली तशी त्यांनी मान खाली घातली.

"प्रभू, ते दार माझ्या हातून बिघडलं, त्याबद्दल मी तुझा फार आभारी आहे."

मुलं खुसखुसली. सगळ्यांच्या आधी, स्पष्ट आवाजात, त्यांची मुलगी "आमेन" म्हणाली.