अजून थोडं डावीकडे

मागच्या खोलीत नेट पोचत नाही, एवढंच त्या माणसाने फोनवर सांगितलं होतं. नेटवालीला त्यात नवल वाटलं नाही. पुढे घर, मागे सुटी खोली आणि मध्ये लांबलचक अंगण असलं की राउटर वाटेतच मान टाकतो, हे ती रोज बघत होती. शिडी, वायरचं भेंडोळं आणि दोन छोट्या डिश घेऊन ती दुपारी तिथे पोचली.

माणूस गोड बोलणारा होता. शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडलेली नाही.

"मागे आमच्या काकू असतात," तो म्हणाला. "वय झालंय, डोकं ठिकाणावर नसतं. खोलीत कॅमेरे लावलेत, पण नेटशिवाय ते नुसते शोभेचे. मला पुढून त्यांच्यावर लक्ष ठेवता आलं पाहिजे."

"ठेवता येईल. काकूंकडे फोन असेल तर तोही जोडून देते."

"नको. फक्त कॅमेरे. आणि पासवर्ड मलाच सांगा."

अंगण ओलांडून तो पुढे झाला आणि त्याने खिशातून किल्ली काढली. खोलीला बाहेरून कुलूप होतं. "भटकत जातात हो," तो मागे न बघता म्हणाला.

आत काकू कॉटवर बसल्या होत्या. केस नीट विंचरलेले, मांडीवर जुना मोबाईल. नेटवालीच्या सामानाकडे बघून त्या म्हणाल्या, "अगंबाई, एवढा पसारा तर आमच्या लग्नात फोटोवाल्यानेही आणला नव्हता." नेटवालीला हसू आलं. डोकं ठिकाणावर नसलेलं माणूस असं बोलत नाही, हे मात्र तिच्या मनात टोचून गेलं.

तिने आपल्या मोबाईलवर रेंज बघितली. अंगणात भरपूर होती. उंबरठ्याच्या आत पाऊल टाकलं की साफ नाहीशी. ती बाहेर आली, पुन्हा आत गेली. पुन्हा तेच. भिंतींना प्लायवूड मारलेलं होतं. तिने बोटाने ठोकून पाहिलं, तर रिकाम्या डब्यासारखा आवाज आला. वायर कुठून आणावी ते बघायला तिने बटणांच्या पाटीचे स्क्रू काढले. प्लायवूडच्या मागे पत्रा चमकत होता. कोरा पत्रा, सांध्यासांध्यावर चंदेरी पट्टी चिकटवलेला. तिने मान वर केली. छतालाही तेच प्लायवूड होतं, आणि एकुलती एक खिडकीही त्यानेच बुजवलेली.

"ओल येते," पुतण्या म्हणाला. तो इतक्या जवळ येऊन उभा राहिलाय हे तिला कळलंच नव्हतं.

"ओलीला पत्रा?"

"भिंत जुनी आहे. तुम्ही कॅमेऱ्यांचं बघा."

तिने पाटी परत बसवली. ओलीसाठी पत्रा मारणारा माणूस सांधे इतके जिवापाड जपत नाही. ते रेंज अडवू पाहणाऱ्याचं काम होतं. काकू तिच्याकडेच बघत होत्या.

एक डिश तिने खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर ठोकली, तिची वायर भोक पाडून आत घेतली आणि आत बसवलेल्या वायफायच्या डब्याला जोडली. दुसरी डिश पुढच्या घराच्या गच्चीवर बसवून आली. ती पहिलीच्या नेमकी समोर वळवणं तिला एकटीला सहज जमलं असतं. नेहमी एकटीच करायची. आज मात्र खाली येऊन ती म्हणाली, "वरची डिश कोणीतरी धरून फिरवावी लागेल. मी इथे सिग्नल बघून फोनवर सांगते."

पुतण्याने काकूंकडे पाहिलं. "दार लावून घेतो."

"आत रेंज नाही ना, फोनवर कशी बोलू? मला दारातच उभं राहावं लागेल."

तो गच्चीकडे गेला.

तो गच्चीवर दिसेपर्यंत काकू उठून आल्या होत्या. "पोरी, माझ्या लेकीला एक निरोप देशील? हा माझा पुतण्या, बाळ, म्हणतो इथे रेंजच नाही. सिमकार्डही बदलून आणतो म्हणून घेऊन गेला, ते गेलंच. घराच्या कसल्याशा कागदावर सही करा म्हणतो, मग तिच्याशी बोला."

"निरोप कशाला, तुम्हीच बोला. सिमकार्ड लागत नाही. फोन द्या."

फोन हातात घेताच तिने आधी आवाज बंद केला. मग तो नव्या नेटला जोडून दिला. क्षणभर काहीच झालं नाही, आणि मग मेसेज धबाधबा कोसळू लागले. आई, बाळदादा म्हणतो तुला माझ्याशी बोलायचं नाही. आई, माझं काय चुकलं. आई, एकदा तरी. काकूंनी तिथूनच लेकीला फोन लावला.

नेटवालीचा मोबाईल वाजला. "आला का सिग्नल?" गच्चीवरून पुतण्या विचारत होता.

सिग्नल पहिल्या झटक्यातच आला होता, आणि एवढ्या जवळून डिश थोडी इकडेतिकडे झाली तरी तो तुटणार नव्हता.

"नाही," ती म्हणाली. "अजून थोडं डावीकडे."

ती दार अडवून उभी राहिली, तोंड गच्चीकडे. पाठीमागून काकूंची कुजबुज आणि फोनमधल्या बाईचं रडू तिला ऐकू येत होतं. आवाज वाढला की ती आपल्या मोबाईलच्या माइकवर अंगठा दाबायची. "जास्त झालं, परत उजवीकडे. हळू. आता वर." पुतण्या मुकाट्याने डिश फिरवत होता. उन्हात त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

काकूंनी तिच्या खांद्याला हात लावला. "ती निघालीय. पोलिसांनाही सांगते म्हणाली. तोवर जाऊ नकोस."

"डावीकडे," नेटवाली फोनमध्ये म्हणाली.

बराच वेळ गेला. मग गच्चीवरचा माणूस हलायचा थांबला. डिश सोडून तो कठड्याशी आला आणि खाली बघू लागला. मान तिरकी करून, अगदी शांतपणे.

"मॅडम, जरा बाजूला व्हा. मला काकू दिसत नाहीयेत."

ती दारातून हलली नाही. "झोपल्यात."

"काकू दुपारच्या झोपत नाहीत."

फोन बंद झाला आणि तो जिन्याकडे वळला. नेटवालीने काकूंना ओढूनच बाहेर काढलं. अंगणाच्या मध्यापर्यंत त्या आल्या आणि पुढच्या घराच्या अंगणाकडल्या दारात तो उभा राहिला. बाहेर जायची वाट त्या घरातूनच होती. तो धावला नाही, ओरडला नाही. "चला काकू, ऊन लागेल," म्हणत हात पुढे करून चालत आला.

नेटवालीने शिडी आडवी धरली. दुसरं काही हाताशी नव्हतंच. त्याने शिडीचं दुसरं टोक पकडलं आणि तसाच, हसऱ्या चेहऱ्याने, तिला मागे रेटू लागला. तिच्या चपला फरशीवरून सरकत होत्या. काकू तिच्या पाठीला चिकटल्या होत्या. खोलीचं उघडं दार पायापायाने जवळ येत गेलं, आणि तेव्हा पुढच्या घराची बेल वाजली. वाजतच राहिली.

त्याने शिडी सोडली, शर्टाची बाही नीट केली आणि दार उघडायला गेला.

पोलिसांशीही तो गोडच बोलला. लेक आली, आईला घेऊन गेली. पुतण्याने जबाब दिला, पत्रा ओलीसाठी असल्याचं सांगितलं, आणि त्या संध्याकाळी तो आपल्या घरीच होता. नेटवाली सामान गाडीला बांधत असताना तो फाटकापर्यंत आला.

"सिग्नल पहिल्यापासूनच होता ना?" त्याने विचारलं.

तिने दोरीची गाठ आवळली. तो तिच्या गाडीवरची पाटी वाचत होता. नंबर, दुकान, गल्ली. घाई न करता, शेवटच्या अक्षरापर्यंत.