डोळ्यांवरची काळी पट्टी

मित्रांनो, माझ्या पडद्यावर एक बारीक ओरखडा आहे आणि मुठीजवळचे रबर सुटू लागले आहे. मी जुना झालो आहे, हे त्यावरून तुम्हाला कळेलच. मी एक कॅमेरा आहे. आजवर मी सुमारे चाळीस हजार फोटो काढले आणि त्यांतले जवळजवळ सगळे दातांचे आहेत.

कारखान्यात पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईंनी मला बारीक रेघांच्या तक्त्यासमोर धरले होते. प्रत्येक रेघ सुटी दिसते याची खात्री झाल्यावरच त्यांनी मला खोक्यात ठेवले. मला वाटे, आपल्या वाट्याला डोंगर येतील, पक्षी येतील. आल्या दाढा.

वेडेवाकडे दात तारा लावून सरळ करणाऱ्या एका डॉक्टरबाईंनी मला घेतले. औषधाच्या दुकानावर त्यांचा दवाखाना आहे. खुर्चीत बसलेल्याचे गाल दोन प्लॅस्टिकच्या आकड्यांनी बाजूला धरायचे, तोंडात लांबट आरसा घालायचा आणि श्वासाची वाफ त्यावर धरू नये म्हणून तो आधी कोमट पाण्यात बुडवायचा. मग समोरून एक फोटो, बाजूंनी दोन, वरच्या आणि खालच्या जबड्याचा एकेक आणि शेवटी चेहरा. दर दोन महिन्यांनी हेच. फोटो शेजारी शेजारी लावले, की कोणता दात किती सरकला हे डॉक्टर अचूक सांगत. पुष्कळदा त्यांना फोटोखालचे नाव वाचावेही लागत नसे. दात पाहूनच त्या माणूस ओळखत. माझ्या कामावर त्यांचा भरवसा होता आणि मी त्या भरवशावर खूश होतो.

पुढे दवाखान्याने सोशल मीडियावर पेज उघडले. ते काउंटरवरच्या ताई सांभाळत. उपचाराआधीचा फोटो, उपचारानंतरचा फोटो, खाली दोन ओळी. लोक पसंतीचे अंगठे देत, चौकशीचे फोन येत. ओळख पटू नये म्हणून ताई प्रत्येकाच्या डोळ्यांवर काळी पट्टी लावत. आधी फक्त फाइलमध्ये राहणारे माझे फोटो आता हजारो लोक पाहू लागले. खरे सांगतो, मी फुशारलो.

तिळू आठवीत होती. हनुवटीवर ठसठशीत तीळ म्हणून घरी तिचे हे नाव पडले होते आणि दवाखान्यातही तेच रुळले. तिचा वरचा डावा सुळा हिरडीत उंच अडकून पुढे आला होता. तो तारेने हळूहळू खाली ओढायचा होता. सहा महिन्यांत तो निम्मा खाली आला, तेव्हा ताईंनी तिच्या फोटोंची जोडी पेजवर टाकली. डोळ्यांवर पट्टी होतीच.

त्यानंतर तिळू आली नाही. एक तारीख गेली, दुसरी गेली. ताईंनी फोन केला, तर आई म्हणाल्या, येऊ. आल्या नाहीत. डॉक्टरांना काळजी वाटू लागली. तार ओढत राहते. वेळेवर पाहिली नाही, तर सुळ्याऐवजी शेजारचे चांगले दात कलंडतात.

नवव्या आठवड्यात आई एकट्या आल्या. त्यांच्या हातात एक पत्र होते. मी ट्रेमध्ये होतो, म्हणून मला सगळे ऐकू आले.

तो फोटो वर्गात फिरला होता. तिळू वर्गात शिरली, की मागच्या बाकावरच्या चौघी डोळ्यांसमोर काळ्या फणीची आडवी पट्टी धरत आणि ओठ वर करून एक दात दाखवत. तिळू आता तोंडावर हात ठेवूनच बोलत होती. दवाखान्याचे नाव काढले, की म्हणे, तारा तशाच राहू देत, मी तिथे पाऊल टाकणार नाही.

डॉक्टर गोंधळल्या. "पण डोळे झाकलेत की. ओळखणार कसं कुणी?"

"डॉक्टर, तुम्ही स्वतः माणसं दातांवरून ओळखता," आई म्हणाल्या. "आणि ती तर तिच्या वर्गातली मुलं आहेत. रोज डबा खाताना समोर बसतात."

ताईंनी पहिल्या दिवशी भरलेला अर्ज काढला. त्यात एका ओळीत लिहिले होते, 'उपचार, अभ्यास आणि प्रसिद्धी यांसाठी छायाचित्रे वापरण्यास संमती', आणि खाली आईंची सही होती. ताई हळूच म्हणाल्या, सही तर आहे. आईंनी पत्र पुढे केले. तिळूने ते स्वतः लिहिले होते, आईंनी खाली सही केली होती. माहितीच्या गोपनीयतेचा नवा कायदा आला होता आणि तिळूने तो चिकाटीने वाचला होता. उपचारासाठी घेतलेला फोटो जाहिरातीला वापरायचा, तर वेगळी आणि समजेल अशी परवानगी लागते. दिलेली परवानगी मागे घेता येते आणि मुलांच्या बाबतीत तर जास्तच जपावे लागते. पत्राच्या शेवटी होते, 'मला तेव्हा कुणी विचारलं नाही. आता मी सांगते आहे. फोटो काढून टाका.'

ताईंनी तो तिथल्या तिथे काढला. पण दोन अनोळखी पेजनी तो उचलला होता. त्यासाठी डॉक्टरांनी सोशल मीडियाच्या कंपनीकडे अल्पवयीन मुलीचा फोटो असल्याची तक्रार केली आणि पाच दिवसांत तेही फोटो गेले. वर्गातल्या ग्रुपवरचा फोटो वर्गशिक्षकांनी काढायला लावला, त्या चौघींशी बोललेही. कुणाच्या फोनमध्ये एखादी प्रत उरली असेल का? असेल. मी तुमच्याशी खोटे बोलणार नाही.

मधल्या काळात मला कपाटात ठेवले गेले. डॉक्टर इतक्या धास्तावल्या, की त्यांनी फोटो काढणेच बंद केले. अंधारात मला वाटले, कायदा माझ्यावरच उठला आहे. पण फोटोंशिवाय कोणता दात किती हलला हे सांगणे कठीण होऊ लागले. शेवटी डॉक्टरांनी एका रविवारी बसून तो कायदा शांतपणे वाचला. फोटो काढू नका, असे त्यात कुठेच नव्हते. कशासाठी काढता ते सांगा आणि तेवढ्यासाठीच वापरा, एवढेच होते. सोमवारी मी बाहेर आलो. एका अर्जाचे दोन कागद झाले होते, एक उपचाराचा, एक पेजचा. दुसऱ्यावर लिहिले होते, 'नाही म्हटल्यास उपचारात फरक पडणार नाही.' मुलांच्या कागदावर मुलांनी सही करायचीही जागा होती.

त्या आठवड्यात तिळू आली. खुर्चीत बसली नाही. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "यात मी अजून आहे का?"

"यात नाहीस. तुझ्या फाइलमध्ये आहेस," डॉक्टर म्हणाल्या. "ती उपचाराची नोंद आहे, मला ठेवावी लागते. तिला कुलूप आहे. कोण उघडतं तेही दिसतं. बघायचंय?"

तिळूने सगळे पाहिले. मग डॉक्टर म्हणाल्या, "मी आईची सही घेतली आणि तुला विचारायला विसरले. माझं चुकलं."

तिळूने पहिला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. तिला जराही घाई नव्हती. सही केली. दुसरा कागद तसाच परत दिला आणि तोंड उघडले. एक दात थोडा कलला होता, पण फार उशीर झाला नव्हता.

पुढच्या वर्षी तारा निघाल्या. सुळा रांगेत असा बसला होता, की इतके सुरेख काम मी दुसरे पाहिले नाही. मी माझे सहा फोटो काढले. डॉक्टरांच्या मनात काय होते, ते मला कळले. त्यांची बोटे माझ्यावर जरा रेंगाळली.

"तिळू, हा पेजवर टाकला तर चालेल?"

तिळूने थोडा विचार केला. "नको."

"बरं," डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी मला ट्रेमध्ये ठेवले. तेवढ्यात आईंनी दारातून विचारले, आता घरी जाऊन पहिले काय खाणार? तिळू हसली. हात तोंडाकडे गेला नाही.

मित्रांनो, आज तुमच्या घरातही एक कॅमेरा आहे आणि तो माझ्यापेक्षा कितीतरी चपळ आहे. कुणाचा फोटो पुढे पाठवण्याआधी त्या माणसाला विचारा. तो लहान असला तरी विचारा, तुमची बहीण असली तरी विचारा. तुमचा फोटो कुणी न विचारता टाकला, तर गप्प बसू नका. घरच्या मोठ्यांना सांगा, कायदा तुमच्या बाजूने आहे. आणि कुणी नको म्हणाले, तर हिरमुसू नका. चाळीस हजार फोटो काढून मी सांगतो, मी पाहिलेले सगळ्यात सुंदर हसू मी काढलेले नाही.